समेट कुणाशी, समजूत कुणाची?

मंडळी, आज एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलायचं आहे. उच्चार ‘रेकन्साइल’. जोर पहिल्या अक्षरावर, ‘रे’वर. त्याचं नाम ‘रेकन्सिलिएशन’, आणि वर्तमानपत्रांत तेच जास्त दिसतं. बी.ए.ला सक्तीचं इंग्रजी होतं, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर मी याचा अर्थ लिहून घेतला होता : समेट करणे. परीक्षेपुरतं ते पुरलं. पुढे हा शब्द मला बँकेत भेटला, कोर्टाच्या कागदात भेटला, दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत भेटला. प्रत्येक ठिकाणी तो जुना अर्थ थोडा आखूड पडला, वाढत्या मुलाच्या सदऱ्यासारखा. भांडणानंतर माणसं पुन्हा जवळ येतात तेव्हा नेमकं काय काय घडावं लागतं, हे या एका क्रियापदाच्या निमित्तानं बघता येतं.

भांडण मिटण्यासाठी इंग्रजीत शब्द कमी नाहीत. दोन मैत्रिणी सकाळी भांडल्या आणि मधल्या सुट्टीत एका डब्यातून जेवल्या, तर त्याला ‘मेक अप’ म्हणतात. आपल्या पोरांची कट्टी आणि बट्टी असते, तेवढाच त्याचा जीव. ‘पॅच अप’ म्हणजे ठिगळ लावणं. कापड फाटलेलंच राहतं, पण अंग झाकतं. ‘सेटल’ म्हणजे व्यवहार मिटवणं. देणं-घेणं ठरलं, सह्या झाल्या. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही तरी ‘सेटल’ला त्याचं काही नाही. ‘रेकन्साइल’ या सगळ्यांहून जड आहे. माणसांच्या बाबतीत ते वापरलं की तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात : आधी संबंध होता, तो खरोखर तुटला होता, आणि आता तो पुन्हा सुरू झाला आहे.

शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याला सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. लॅटिन रूप ‘रेकॉन्सिलिआरे’. यातला ‘रे’ म्हणजे पुन्हा. उरलेल्या भागाचं नातं ‘कॉन्सिलिअम’ या शब्दाशी आहे. कॉन्सिलिअम म्हणजे सभा, बैठक. पुण्यात ‘कौन्सिल हॉल’ म्हणतात, त्या कौन्सिलमध्येही तोच शब्द आहे. भाषेचे अभ्यासक आणखी एक पाऊल मागे जातात आणि कॉन्सिलिअमच्या पोटात ‘कालारे’ हे क्रियापद दाखवतात. त्याचा अर्थ पुकारणं, हाक मारणं. हाक मारून सगळ्यांना एकत्र आणलं की ती सभा झाली. जे त्या सभेतून उठून गेले, त्यांना पुन्हा बोलावून आणणं म्हणजे रेकन्साइल.

हे वाचलं तेव्हा मला आपला ‘अबोला’ आठवला. मराठीतला हा फार नेमका शब्द आहे. भांडण झालं, पण आरडाओरडा नाही, मारामारी नाही; फक्त बोलणं थांबलं. आणि आपण अबोला ‘धरतो’. हातात वस्तू धरावी तसा. तो सोडायचा तर मूठ उघडावी लागते, आणि मूठ आधी कुणी उघडायची यावरच वर्षं जातात. भाऊ एका बोळात राहतात, एकाच नळावर पाणी भरतात, आणि मुलांच्या तोंडून निरोप पाठवतात. भांडणाचं मूळ कारण एव्हाना दोघांनाही नीट आठवत नसतं. पहिली हाक कुणी मारायची, एवढाच प्रश्न उरलेला असतो.

धर्मांनी हा प्रश्न ओळखला होता. प्रेषित मुहम्मद यांच्या एका हदीसचा आशय असा आहे की, आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक काळ संबंध तोडणं श्रद्धावानाला योग्य नाही, आणि दोघांपैकी जो आधी सलाम करील तो अधिक चांगला. यात चूक कुणाची याचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. सलाम आधी कुणी केला, एवढंच पाहिलं आहे. बायबलमध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशूची शिकवण आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविषयी काही मन दुखावलेलं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ, दसऱ्याचं सोनं आणि ईदची गळाभेट यांनीही तेच काम केलं आहे. माणसाला स्वतःहून जायला लाज वाटते. सण त्याला निमित्त देतो.

आता या क्रियापदाच्या व्याकरणाकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथेच आहे. ‘रेकन्साइल’च्या पुढे दोन शब्दयोगी शब्द येतात, ‘विथ’ आणि ‘टू’. ‘शी रेकन्साइल्ड विथ हर ब्रदर’ म्हणजे तिचा भावाशी समेट झाला. ‘शी वॉज रेकन्साइल्ड टू हर लॉस’ म्हणजे जे गेलं ते गेलं, हे तिनं मनाशी मान्य केलं. जुन्या इंग्रजीत माणसांच्या बाबतीतही ‘टू’ चालत असे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं. आजच्या वापरात मात्र साधारण वाटणी अशी आहे : माणसाशी ‘विथ’, परिस्थितीशी ‘टू’.

‘विथ’ला दोन माणसं लागतात. ‘टू’ला एकच पुरतं. मराठीत पहिल्याला आपण समेट म्हणू आणि दुसऱ्याला मनाची समजूत. दोन्ही गोष्टी आयुष्यात लागतात. म्हातारपण, आजार, जवळच्या माणसाचा मृत्यू यांच्याशी समेट कसला करणार? तिथे समजूतच घालावी लागते, आणि ती घालता येणं हे मोठं बळ आहे. पण घराघरांत एक वेगळाच प्रकार चालतो. एका माणसाला गप्प बसवून, त्याच्याकडून परिस्थिती मान्य करून घेऊन, त्याला ‘समेट झाला’ असं नाव दिलं जातं. झालेलं असतं ‘टू’, आणि सांगितलं जातं ‘विथ’. असं गप्प बसणारं माणूस बहुधा घरातलं सगळ्यात दुबळं माणूस असतं. पुष्कळदा ती बाई असते.

या क्रियापदाचा तिसरा वापर माणसांचा नाही, आकड्यांचा आहे. अकरावी वाणिज्य शाखेच्या मुलांना पुस्तपालनात ‘बँक जुळवणी पत्रक’ नावाचा धडा असतो. इंग्रजीत त्याचं नाव ‘बँक रेकन्सिलिएशन स्टेटमेंट’. मी वाणिज्य शिकलो नाही. हा धडा मला एका सहकारी बँकेत लेखनिक असलेल्या मित्रानं समजावला, आणि ‘रेकन्साइल’चा अर्थ मला इतक्या स्वच्छपणे इंग्रजीच्या वर्गातही कळला नव्हता.

समजा, एका दुकानदाराच्या रोकड वहीत बँकेतली शिल्लक १२,००० रुपये आहे. बँकेचं पासबुक मात्र १४,९०० दाखवतं. खातं एकच, तारीख तीच. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. दुकानदारानं ३,००० रुपयांचा चेक कुणाला तरी दिला आणि त्याच दिवशी वहीत लिहिला. ज्याला दिला त्यानं तो अजून बँकेत टाकलेला नाही. बँकेनं १०० रुपये आकार कापून घेतला. त्याची दुकानदाराला अजून खबर नाही. १२,०००मध्ये ३,००० मिळवा, १०० वजा करा, झाले १४,९००. दोन्ही वह्या खऱ्या होत्या. एका वहीला जे ठाऊक होतं ते दुसरीला ठाऊक नव्हतं.

यात दोन बारकावे आहेत. दुकानदार पैसे भरतो तेव्हा त्याच्या वहीत ते नावे बाजूला येतात, आणि तेच पैसे बँकेच्या वहीत जमा बाजूला. एकच व्यवहार, पण या बाजूनं पाहिला की नावे आणि त्या बाजूनं पाहिला की जमा. दुसरं असं की, जुळवणी करणारा माणूस पासबुकातला आकडा खोडून स्वतःच्या मनासारखा करत नाही. तो दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडतो, जिथे जुळतं तिथे बरोबरची खूण करतो, आणि जिथे जुळत नाही त्या नोंदी वेगळ्या कागदावर उतरवतो. फरकांची यादी करणं हेच निम्मं काम. माझा मित्र म्हणायचा, “फरक सापडेपर्यंत साहेब घरी सोडत नाहीत. आणि कुणी घाईनं आकडा बसवून दिला, तर तो पुढच्या महिन्यात दुप्पट त्रास देतो.”

माणसांच्या भांडणाला हे किती लागू पडतं, ते आमच्याच घरात पाहिलं. आमच्याकडे आत्याला फुफी म्हणतात. आजोबा गेले आणि जमीन तिन्ही भावांच्या नावावर चढली. कुराणात मुलीला वाटा सांगितला आहे, मुलाच्या निम्मा. घरात रोज कुराण वाचलं जायचं, तरी फेरफाराच्या वेळी फुफीला कुणी विचारलं नाही. तिनं विचारलं, तेव्हा आवाज चढले आणि अबोला सुरू झाला. तो नऊ वर्षं टिकला. या काळात ती लग्नकार्याला यायची, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि न जेवता परत जायची. नातलग तिलाच समजावत : माहेर तोडू नये, सोडून दे, झालं गेलं विसर. हक्कसोडपत्राचा कागदसुद्धा कुणीतरी तयार करून आणला होता. सगळे तिला ‘टू’ सांगत होते.

शेवटी मध्ये पडले ते गावातले एक निवृत्त गुरुजी. दूध सोसायटीचे हिशेब तेच लिहायचे. त्यांनी कुणालाही ‘विसर’ म्हटलं नाही. फुफीला आणि मोठ्या चाचांना त्यांनी एकेक कागद दिला आणि म्हणाले, “वडील असल्यापासून आजपर्यंत कुणी कुणाला काय दिलं, ते लिहून आणा. रागानं लिहा, पण सगळं लिहा.”

कागद आले. फुफीच्या लग्नातलं दोन तोळे सोनं दोन्ही कागदांवर होतं. फुफांच्या आजारपणात चाचांनी दिलेले पैसेही दोन्हीकडे होते. चाचांच्या कागदावर दर वर्षी पाठवलेल्या आंब्याच्या पेट्या होत्या. फुफी म्हणाली, “ते मी भावाचं प्रेम समजून खाल्ले. हिशेबातले आहेत हे माहीत असतं तर परत पाठवले असते.” तिच्या कागदावर एक सोन्याची पाटली होती, विहीर खणताना दिलेली. ती चाचांना माहीतच नव्हती. विहिरीचे पैसे वडिलांनी उभे केले, असंच ते आयुष्यभर समजत आले होते. आजीनं लेकीकडून पाटली मागून घेतली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दिलेला, पण बँकेत कधीच न पोचलेला चेक होता तो. चाचा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

विहिरीजवळची वीस गुंठे जमीन फुफीच्या नावावर झाली. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. तिचा हिशेबानं निघणारा वाटा यापेक्षा जास्त होता. तो किती होता हे तिला सांगितलं गेलं, आणि मग तिनं तेवढ्यावर होकार दिला. आधी मागितलेली हक्कसोड आणि हा होकार यांत मोठा फरक होता. त्या ईदला ती माहेरी जेवली. इंग्रजीत गुरुजींच्या कामाला ‘ही रेकन्साइल्ड देम’ म्हणता येतं, त्यानं त्या दोघांना रेकन्साइल केलं. मराठीत आपण म्हणतो, समेट ‘घडवून आणला’. दोन्ही भाषांना मध्यस्थाची गरज ठाऊक आहे.

कायद्यालाही ती ठाऊक आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात हाच शब्द आहे. घटस्फोटासारखा निकाल देण्याआधी, प्रकरणाचं स्वरूप पाहून शक्य असेल तिथे, पती-पत्नींत समेट घडवण्याचा न्यायालयानं प्रयत्न करावा, असं तो सांगतो. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याचा रोखही समुपदेशन आणि तडजोडीकडे आहे. कुराणात तर पद्धतच दिली आहे : नवरा-बायकोत फूट पडण्याची भीती वाटली, तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा. दोन बाजूंचे दोन पंच, म्हणजे दोन वह्या. आपल्या बैठकांत मात्र अनेकदा एकच वही उघडली जाते. मारहाणीची तक्रार घेऊन माहेरी आलेल्या मुलीला चार शहाणी माणसं पुन्हा ‘नांदायला’ पाठवतात. मारहाण थांबेल का, याची बोलणी होत नाहीत. नांदणं हा किती सुंदर शब्द, त्याला अशा वेळी कामाला जुंपू नये.

घरापुरतं जे खरं, ते देशाला लागू होतं का? दक्षिण आफ्रिकेनं करून पाहिलं. वर्णभेदाची राजवट संपली, १९९४मध्ये सर्वांना मतदान मिळालं आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. १९९५मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून एक आयोग नेमला. त्याचं नाव ‘ट्रूथ अँड रेकन्सिलिएशन कमिशन’. नावातच क्रम आहे : आधी सत्य, मग समेट. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते. एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन या शहरात जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. ज्यांची मुलं, नवरे, भाऊ पोलिसांनी नेले आणि परत आले नाहीत, ती माणसं आपल्या भाषेत बोलू लागली, आणि रेडिओवरून ते सगळा देश ऐकू लागला. २१,००० हून अधिक पीडितांचे जबाब नोंदले गेले.

गुन्हे करणाऱ्यांसाठी अट अशी होती : कृत्य राजकीय हेतूनं झालेलं असावं आणि त्याविषयी सगळं खरं सांगावं, तर माफी मिळू शकेल. सात हजारांहून अधिक अर्ज आले. माफी मिळाली ८४९ जणांना. म्हणजे ही काही उदार हातानं वाटलेली क्षमा नव्हती. १९७७मध्ये पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाला ही पद्धतच मान्य नव्हती. आम्हाला न्याय हवा आहे, असं म्हणत ते घटना न्यायालयात गेले. न्यायालयानं १९९६मध्ये कायदा उचलून धरला. पुढे बिको प्रकरणातल्या पोलिसांचे माफीचे अर्ज मात्र १९९९मध्ये फेटाळले गेले.

या आयोगानं काय साधलं यावर तिथे आजही वाद आहे. सत्य बरंच बाहेर आलं, पण भरपाई थोडी मिळाली. २००३मध्ये सरकारनं प्रत्येक नोंदलेल्या पीडिताला एकदाच ३०,००० रँड देण्याचं ठरवलं, आणि आयोगानं सुचवलं होतं त्यापेक्षा ते बरंच कमी होतं. जमीन आणि संपत्ती बहुतांशी होती तिथेच राहिली. त्याहून मूलभूत आक्षेप आपल्या क्रियापदातल्या पहिल्या अक्षरावर होता. ‘रे’ म्हणजे पुन्हा. लोकांनी विचारलं, आम्ही एकत्र होतो कधी, की पुन्हा एकत्र यावं? या प्रश्नाला आयोगाकडे पूर्ण उत्तर नव्हतं. तरीही एक गोष्ट झाली. ‘असं काही घडलंच नव्हतं’ असं म्हणण्याची सोय उरली नाही. दोन वह्यांपैकी जी इतकी वर्षं बंद ठेवली होती, ती उघडली गेली.

भांडण होण्याच्या आधीच वही उघडी ठेवता आली तर? त्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. ठाण्यापलीकडचं भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. १९७०मध्ये आणि १९८४मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. वस्तीवस्तीतली दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि पोलीस यांनी नियमित एकत्र बसायचं. दंगलीवर भाषणं करण्यासाठी नव्हे, तर रोजच्या कटकटी सोडवण्यासाठी. माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं गेली. त्या दिवसांत भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही अशा समित्या उभ्या राहिल्या.

लॅटिनमधला कॉन्सिलिअम म्हणजे बोलावलेली सभा, असं मघाशी म्हटलं. भिवंडीच्या मोहल्ला समितीचं वर्णन याहून वेगळं काय करणार? त्या अफवांच्या रात्री कुणी कुणाला हाक मारली तर ओ देणारं माणूस पलीकडे होतं, कारण हाक मारायची सवय आधीच लागलेली होती. पुढे १५ ऑगस्ट २००७ला राज्यात ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू झाली, तिच्यामागेही गावचे तंटे गावात बसून मिटवावेत हीच कल्पना होती.

आता एवढं सगळं एका क्रियापदात कोंबायला मराठीत शब्द आहे का? मला वाटतं, एक नाही, पण पाच-सहा आहेत आणि ते कामं वाटून घेतात. ‘समेट’ हा माणसा-माणसांतला, आणि मराठी बायबलमध्ये देव आणि माणसातलाही. ‘जुळवणी’ आणि ‘ताळमेळ’ हिशेबातले. ‘तह’ राज्याराज्यांतला. ‘सलोखा’ ही समेट झाल्यानंतरची स्थिती, ती टिकवावी लागते. ‘तडजोड’ या शब्दात माझ्या कानाला तडाही ऐकू येतो आणि जोडही. व्युत्पत्ती काय असेल ती असो.

आणि ‘दिलजमाई’. दिल फारसी, जमा अरबी. उर्दूत ‘दिलजमई’ म्हणजे खात्री, मनाचा निश्चिंतपणा, म्हणजे एकट्याच्या मनाची अवस्था. मराठीनं तो शब्द घेतला आणि त्याला दोन माणसं जोडली. मराठीत दिलजमाई एकट्याची होत नाही, ती दोघांचीच होते. मन जमा होणं, विखुरलेलं एकत्र येणं, पुन्हा लॅटिनच्या त्या सभेपाशीच आपण पोचतो. घरात दक्खिनी बोलत आणि कविता मराठीत लिहीत वाढलेल्या माणसाला या एका शब्दाचा केवढा आधार वाटतो, ते काय सांगू!

अरबीतला ‘सुल्ह’ही असाच. अकबराच्या काळात अबुल फजलनं ‘सुलह-ए-कुल’, सर्वांशी सलोखा, ही कल्पना मांडली, ती याच शब्दावर. इस्लामच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध सुल्ह इसवी सन ६२८मधला, हुदैबियाचा. मक्केच्या कुरैशांशी करार लिहिला जात होता. मजकुरात ‘अल्लाहचे प्रेषित मुहम्मद’ असे शब्द आले, तेव्हा कुरैशांच्या प्रतिनिधीनं हरकत घेतली : हे आम्ही मानत असतो तर लढलोच नसतो. सोबत्यांना ते शब्द खोडणं सहन होईना. प्रेषितांनी ते काढायला लावले आणि ‘अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद’ असं लिहवलं. दहा वर्षं लढाई थांबवण्याचा करार झाला. काय सोडायचं आणि काय नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याला एखादा शब्द सोडता येतो. आणि इथे सोडलं होतं ते बलवान पक्षाच्या धाकानं गपचूप नव्हे, समोर बसून, लिहून.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरात, सोसायटीत किंवा गावच्या बैठकीत कुणी म्हणालं की, ‘जाऊ द्या, मिटवून टाका’, तर ‘हो’ म्हणण्याआधी थोडं थांबा. पहिली हाक कुणीतरी मारलीच पाहिजे, आणि ती आपण मारली म्हणून आपण लहान होत नाही. पण हाकेनंतर दोन्ही वह्या उघडल्या जात आहेत ना, हेही बघा. आणि बैठक संपल्यावर जे माणूस सगळ्यात कमी बोललं असेल, त्याला बाजूला घेऊन विचारा : समेट झाला, की तुझी फक्त समजूत घातली?